थंडी ऊबदार, वारा बेभान: अशा हिवाळ्यात बागेचं काय करायचं

हिवाळा ऊबदार गेला की बाग वाचली असं वाटतं. गुलाबाची पानं हिरवीच राहतात, गवत वाढत राहतं, एखाद्या झुडपाला अवेळी चार फुलंही येतात. मग उन्हाळ्याच्या तोंडावर चांगलं पोसलेलं एक झाड बघता बघता माना टाकतं. आपण म्हणतो, पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी घालतो. त्या झाडाची मुळं मात्र थंडीतल्या पावसात, साचलेल्या पाण्यात कधीच गुदमरून गेलेली असतात. वर फक्त खोडात उरलेल्या ओलाव्यावर दिवस निघालेले असतात.

ऊबदार आणि वादळी हिवाळ्याची हीच गोम आहे. नुकसान होतं एका ऋतूत आणि दिसतं दुसऱ्या ऋतूत. अशा हिवाळ्याबद्दल बोलताना बहुतेक जण उबेबद्दलच बोलतात. माझ्या मते घरच्या बागेत पहिला शत्रू साचलेलं पाणी, दुसरा वारा आणि ऊब तिसरी. जिवाच्या सुरक्षिततेचं पहिलं काम सोडलं, तर खालची कामंही त्याच क्रमाने लिहिली आहेत. पण आधी उबेचं कोडं सोडवून घेऊ, कारण कुठली कामं करायची नाहीत ते त्यावरून कळतं.

झाडाला थंडी हवी कशाला?

सफरचंद, पीच, प्लम, चेरी यांसारखी पानगळीची झाडं थंडीत झोपतात. ही झोप नुसती गारठ्यामुळे लागत नाही आणि नुसत्या उबेने मोडतही नाही. कळीच्या आत एक प्रकारचं कुलूप असतं आणि ते ठरावीक काळ थंडी खाल्ल्यावरच उघडतं. बागायतदार ही थंडी तासांत मोजतात. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे ० ते ७ अंश सेल्सिअसमधले तास मोजायचे. सफरचंदाच्या अनेक जुन्या वाणांना असे ८०० ते १,२०० तास लागतात, तर ‘अ‍ॅना’सारख्या कमी थंडीच्या वाणाचं २०० ते ३०० तासांत भागतं.

हिशेब इतका सरळ मात्र नाही. १९७४ साली पीचसाठी मांडलेल्या ‘यूटा’ पद्धतीत १६ अंशांच्या वरचे तास जमेतून वजा होतात. म्हणजे थंडीच्या मध्यावर चार दिवस ऊन तापलं, तर झाडाची बेरीज नुसती थांबत नाही, मागे जाते.

यातून एकाच उबेचे दोन उलटे परिणाम होतात. ज्या झाडाला जास्त थंडी लागते, त्याचं कुलूप उघडतच नाही. ते उशिरा फुटतं, अर्धवट फुटतं, शेंड्याला पानं आणि खालची फांदी उघडी असं दिसतं. फुलं एकदम न येता रेंगाळत येतात आणि परागीकरणासाठी लावलेल्या शेजारच्या झाडाशी त्यांची वेळ जुळत नाही. याउलट ज्याला कमी थंडी पुरते, ते झाड कुलूप उघडून बसलेलं असतं. पुढच्या पहिल्याच उबेत ते जागं होतं आणि मागून आलेल्या कडाक्यात सापडतं. त्यामुळे एकाच अंगणात एक झाड उशिरा म्हणून रडतं आणि दुसरं लवकर म्हणून.

दुसरी गोष्ट म्हणजे काटकपणा. थंडी हळूहळू वाढली की झाड पेशींमध्ये साखर साठवतं, पाणी कमी करतं आणि कडाक्याला तयार होतं. ही तयारी व्हायला कित्येक आठवडे लागतात, पण थोड्याशा उबेत ती काही दिवसांत उतरते. सफरचंदाची कळी टोकाला नुकती रुपेरी दिसू लागलेली असताना उणे ९ अंशांच्या आसपास थंडी गेली, तरी साधारण दहातली एकच कळी मरते. तेच झाड पूर्ण फुललेलं असताना तेवढंच नुकसान उणे २ अंशांना होतं, आणि उणे ४ च्या जवळ जवळपास सगळी फुलं जातात. कडाका कधी येतो हे तो किती तीव्र आहे याच्याइतकंच महत्त्वाचं असतं.

कंदांचंही तसंच. ट्यूलिपला १२ ते १६ आठवडे गारवा मिळाला नाही तर दांडा आखूड राहतो किंवा फूल पानातच अडकतं. लसणाला पुरेशी थंडी मिळाली नाही तर पाकळ्या न पडता एकच गोल गड्डा तयार होतो. कांद्याचं उलटं होतं. ऊब मिळाली म्हणून रोप वेळेआधी जाड झालं आणि मग थंडी पडली, तर डेंगळे, म्हणजे फुलांचे दांडे, येतात. पेन्सिलीपेक्षा जाड मानेच्या रोपांना हा धोका जास्त. लावणीच्या वेळी अशी रोपं बाजूला काढून पातीसाठी वापरावीत.

कंदांची हिरवी टोकं लवकर वर आली तर घाबरू नका. पानं कडाका सोसतात, नुकसान होतं ते फुलाच्या कळीचं. माती उकरून त्यांना परत झाकण्याचा खटाटोप करू नये, त्यात टोकं मोडतात.

पहिलं काम: वादळ सरल्यावर आधी वर बघा

वारा पडल्या पडल्या कात्री घेऊन बाहेर धावायचं नाही. आधी लांबून बघायचं. मोडून वर अडकलेली फांदी कधीही खाली येते. झाड नेहमीपेक्षा कललंय का, आणि कललेल्या बाजूच्या उलट दिशेला जमीन उचलली गेलीय का किंवा मातीला भेग पडलीय का, हे तपासा. मोठ्या झाडाची माती अशी उचललेली दिसली तर त्याच्या खाली जायचं नाही, तोडण्याचं किंवा दोर लावून ओढण्याचं धाडस करायचं नाही. तिथे झाडं कापण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूसच हवा. विजेच्या तारेवर फांदी असेल तर वीज कंपनीला कळवून दूर थांबायचं, बाकी काही नाही.

दुसरं काम: पाणी

ऑक्सिजन हवेत जितक्या सहज पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांचा श्वास कोंडतो. गाढ थंडीत झोपलेलं झाड हे बराच काळ सोसतं, कारण त्याची मुळं जवळजवळ कामच करत नसतात. ऊबदार हिवाळ्यात मात्र मुळं जागी असतात, त्यांना श्वास हवा असतो आणि तो मिळत नाही. म्हणून तेवढंच साचलेलं पाणी ऊबदार हिवाळ्यात जास्त घात करतं. शिवाय मूळकूज घडवणाऱ्या फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवाचे बीजाणू पाण्यात अक्षरशः पोहत एका मुळाकडून दुसऱ्याकडे जातात.

निचरा किती आहे ते अंदाजाने ठरवू नका. पाऊस थांबून दोन दिवस झाले की ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि मग पट्टी लावून मोजा. तासाला अडीच सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त पाणी उतरलं तर ठीक. त्याहून बरंच कमी उतरलं तर जागा चिबड आहे. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे काही लावण्याआधी उपाय करायला हवा.

तातडीचा उपाय म्हणजे झाडाच्या बुंध्यापासून उताराकडे जाणारा वीतभर खोल चर. मुळं तुटणार नाहीत इतक्या लांबून काढा. बुंध्याभोवती उन्हाळ्यात केलेलं आळं तसंच राहिलं असेल तर त्याचा कडा एका बाजूने फोडा. ही साधी गोष्ट पुष्कळ जण विसरतात, मीही एकदा विसरलो होतो. पाणी धरण्यासाठी केलेलं आळं पावसात डबकं होतं, आणि त्या डबक्यात माझं एक लिंबाचं झाड गेलं.

ओल्या मातीत पाय टाकू नका. एका फेरीत दबलेली माती मोकळी व्हायला महिने लागतात. जावंच लागलं तर रुंद फळी टाकून तिच्यावरून जा, म्हणजे वजन पसरतं. खुरपणी, खणणी, लावणी हे सगळं वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण मोकळी झाल्यावर. ते बघायचं असेल तर मूठभर माती दाबा आणि बोटाने टोका. गोळा भुरभुरला तर काम सुरू करा. लाडवासारखा घट्ट राहिला किंवा बोटाचा ठसा उमटून बसला, तर थांबा.

कुंड्यांचं वेगळं. खालच्या ताटल्या काढून टाका आणि कुंड्या विटांच्या तुकड्यांवर उचलून ठेवा. कुंडीच्या तळाला खडी घातली की निचरा सुधारतो असं सांगितलं जातं, ते खरं नाही. बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहज उतरत नाही, ते खडीच्या वरच थबकतं आणि ओला थर उलट मुळांच्या जवळ येतो. सगळी कुंडी एकाच मोकळ्या मिश्रणाने भरावी आणि भोक बुजू नये म्हणून त्यावर जाळीचा तुकडा ठेवावा, एवढं पुरे.

सततच्या पावसाने मातीतला नायट्रेट रूपातला नत्र खाली वाहून जातो. नव्या पालवीच्या वेळी जुनी, खालची पानं पिवळी पडली तर बहुधा कारण हेच. पण म्हणून थंडीत खत टाकायचं नाही. तेही वाहून जाईल, आणि राहिलं तर झाड अवेळी कोवळं फुटेल. नवी वाढ ठामपणे सुरू झाल्यावर द्या.

तिसरं काम: हललेली झाडं

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. पान न गाळणारी झुडपं अशा वेळी शिडासारखी वागतात. गेल्या एक-दोन वर्षांत लावलेली झाडं, उंच वाढलेले गुलाब आणि वजनदार माथ्याची कोबी-फ्लॉवरसारखी रोपं मुळापाशी डुलू लागतात. डुलता डुलता खोडाभोवती मातीत नरसाळ्यासारखी पोकळी तयार होते. तिच्यात पाणी साचतं, कडाका पडला तर ते गोठतं, नाहीतर साल कुजते. आत नवी तंतुमुळं रोज थोडी थोडी तुटत असतात.

बघायची पद्धत सोपी. खोड जमिनीलगत दोन बोटांत धरून हलकेच हलवा. वरचं खोड वाकलं तर हरकत नाही, पण बुंधा मातीसकट हलला तर मूळ सुटलंय. माती वाफशावर असताना पोकळी कोरड्या मातीने भरा आणि बोटांनी दाबा. टाचेने चेपू नका.

आधार द्यायचा तर आखूड द्या. काठी झाडाच्या उंचीच्या एक-तृतीयांश एवढी पुरते आणि ती वारा येतो त्या बाजूला रोवावी. बांधायला रुंद, मऊ पट्टी घ्या, खोड आणि काठी यांमध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ द्या. वरचं खोड हललं पाहिजे. वाऱ्यात हलणारं खोड जाड होतं, मुळं पसरवतं. शेंड्यापर्यंत करकचून बांधलेलं झाड काठी काढली की मान टाकतं. एका वर्षाने काठी काढा, आणि बांधलेली पट्टी सालीत रुतत नाही ना हे मधूनमधून बघा.

गुलाबाची पूर्ण छाटणी थंडी सरताना करायची असली, तरी उंच फांद्या वादळांच्या आधी एक-तृतीयांश कमी कराव्यात. ही छाटणी फक्त शीड उतरवण्यासाठी आहे.

वारा अडवायला भिंत किंवा पत्रा उभा करण्याचा मोह होतो. घट्ट भिंतीवरून वारा उडी मारतो आणि पलीकडे भोवरे करतो. निम्मा वारा आरपार जाऊ देणारी कुडाची, जाळीची किंवा झुडपांची आड जास्त कामाची. तिचा आडोसा तिच्या उंचीच्या सुमारे दहापट अंतरापर्यंत जाणवतो, म्हणजे दीड मीटर उंच कूड १५ मीटरपर्यंत थोडाफार उपयोगी पडतो.

समुद्राजवळच्या बागेत वादळानंतर पानांवर मीठ बसतं आणि कडा करपतात. गोठण्याची भीती नसेल अशा दिवशी गोड्या पाण्याने पानं धुऊन टाका.

चौथं काम: मोडलेल्या फांद्या

फाटलेली फांदी जितकी लवकर नीट कापाल तितकी बरी. जाड फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खोडापासून वीतभर अंतरावर, खालून, जाडीच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत. दुसरा त्याच्या थोडा पुढे, वरून, म्हणजे फांदी साल न ओरबाडता पडते. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा. खोडाला फांदी जिथे मिळते तिथे सालीची फुगीर वळी असते. तिच्या अगदी बाहेरून कापा. वळी कापली तर जखम भरत नाही, आणि लांब खुंट ठेवला तर तो कुजून रोग आत नेतो.

जखमेवर रंग, डांबर, मेण काही लावू नका. झाड जखम बुजवत नाही, ती आतून कोंडून वेगळी पाडतं, आणि लेपाखाली ओल टिकून कुजण्याला मदतच होते. याला अपवाद आहेत, पण ते ठरावीक रोगांपुरते. प्लम-चेरीच्या कुळातल्या झाडांची हौशी छाटणी मात्र ओल्या थंडीत टाळा. रुपेरी पानांच्या रोगाची बुरशी ताज्या जखमेतून शिरते. या झाडांची छाटणी कोरड्या उन्हाळ्यात करतात. मोडलेलं तेवढं साफ करून थांबा.

पाचवं काम: मागून येणारा कडाका

वादळ निघून गेलं, आभाळ मोकळं झालं, वारा पडला की रात्री सावध राहा. ढगांचं पांघरूण गेलं की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. पहाटे पाऱ्याने शून्याखाली बुडी मारली तर फुगलेल्या कळ्या पहिल्या जातात.

झाकायचं ते सूर्य मावळण्याआधी, कारण पांघरुणाचं काम दिवसाची ऊब धरून ठेवणं हे आहे. क्रॉप कव्हर म्हणून मिळणारं पांढरं हलकं कापड किंवा जुनी चादर जमिनीपर्यंत सोडा. खोडालाच गुंडाळून बांधलं तर जमिनीची ऊब आत येत नाही. प्लास्टिक वापरायचंच तर पानाला टेकू देऊ नका, जिथे टेकेल तिथे पान जळेल. सकाळी ऊन आलं की उघडा, नाहीतर आत वाफ धरते आणि मधमाश्यांना फुलं सापडत नाहीत.

आच्छादनाबद्दल एक विसंगत वाटणारी गोष्ट. पालापाचोळ्याचा जाड थर मुळांना जपतो, पण जमिनीतली ऊब वर येऊ देत नाही. म्हणून बुटकी झाडं फुलावर असताना कडाक्याच्या रात्री उघडी, ओलसर जमीन आच्छादलेल्या जमिनीपेक्षा किंचित ऊबदार असते. मुळांसाठी आच्छादन थंडीभर ठेवा, स्ट्रॉबेरीसारख्या पिकाचं फुलाच्या काळात बाजूला ओढा. खोडाला मात्र ते कधीच टेकवू नका.

कुंडीतल्या झाडांची मुळं शेंड्यापेक्षा नाजूक असतात आणि कुंडीत त्यांना चारी बाजूंनी गारठा लागतो. कुंड्या भिंतीलगत एकमेकींना चिकटवून ठेवल्या तरी पुष्कळ फरक पडतो.

सहावं काम: कीड आणि बुरशी

थंडी न पडल्याने मावा वाढतो, हे खरं आहे. कडक थंडीत माव्याच्या अनेक जाती अंड्यांच्या रूपात तग धरतात. ऊबदार हिवाळ्यात काही जाती जिवंत मावा म्हणूनच पार पडतात आणि हंगामाआधीच उडायला तयार असतात. ब्रिटनमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात १९६४ पासून हवा शोषून कीटक मोजणारे सापळे चालू आहेत. तिथल्या नोंदींतून दिसलं की जानेवारी-फेब्रुवारीचं सरासरी तापमान एक अंशाने वाढलं की पीच-बटाट्यावरचा मावा साधारण दोन आठवडे आधी उडू लागतो. म्हणून कोवळ्या शेंड्यांची पाहणी नेहमीपेक्षा आधी सुरू करा, आणि पहिला घोळका बोटांनीच चिरडा.

पण ‘थंडी नाही म्हणजे कीडच कीड’ हा निष्कर्ष घाईचा आहे. मावा खाणारे ढालकिडेही वाचतात. शिवाय गाढ झोपेत थंडी काढणाऱ्या कित्येक कीटकांना ऊब महागात पडते, कारण झोपेत साठवलेली चरबी लवकर संपते. थंडीतच कीटकनाशक फवारून मोकळं होणं म्हणजे मदतनिसांना आधी मारणं.

बिनशंखाच्या गोगलगायी सुमारे ५ अंशांच्या वर खात-फिरत राहतात. रात्री विजेरी घेऊन वेचा. दिवसा ओल्या फळीखाली, कुंडीच्या बुडाखाली सापडतात.

बुरशीचा सगळा खेळ पान किती वेळ ओलं राहिलं यावर असतो. गुलाबावरच्या काळ्या ठिपक्यांचा रोग रुजायला पान सात-आठ तास ओलं राहणं पुरतं, आणि ऊबदार थंडीत जुनी पानं गळतच नाहीत, त्यामुळे रोगाचं घर झाडावरच राहतं. छाटणीच्या वेळी राहिलेली पानं हाताने ओरबाडून काढा, खाली पडलेली गोळा करा आणि घरच्या खताच्या खड्ड्यात न टाकता वेगळी विल्हेवाट लावा. पीचची पानं वेडीवाकडी, लालसर होऊन सुजतात, त्या रोगाची लागण कळी फुगताना पडणाऱ्या पावसात होते. पानावर दिसल्यावर औषध मारून उपयोग नाही. कळ्या फुगण्याआधी झाडावर पावसाचं पाणी पडणार नाही असं छप्पर केलं, तर फवारणीशिवायही रोग बराच आटोक्यात राहतो.

सातवं काम: हात आवरा, मग तपासा

छाटणी झाडाला फुटायला सांगते. म्हणून लवकर जागी झालेली झाडं लवकर छाटू नका, कडाक्याची शक्यता संपेपर्यंत थांबा. करपलेले शेंडेही तोपर्यंत राहू द्या, ते खालच्या डोळ्यांना, म्हणजे फुटव्याच्या कळ्यांना, थोडा आडोसा देतात.

झाड मेलं की जिवंत आहे हे बघायला शेंड्याकडून सुरुवात करून नखाने साल किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर फांदी जिवंत. तपकिरी, कोरडं असेल तर खाली खाली सरकत जा आणि हिरवं लागेल तिथल्या डोळ्याच्या वर कापा. फळझाडांच्या कळ्या धारदार पात्याने आडव्या चिरून बघा. मधला ठिपका काळा पडला असेल तर फूल गेलंय, बाकी कळी हिरवी असली तरी. दहा कळ्या चिरल्या की अंदाज येतो. फुलकळ्या अर्ध्याहून जास्त गेल्या तरी लगेच हाय खाऊ नका. भरपूर फुलणाऱ्या झाडाला पुरेशा फळांसाठी थोडीच फुलं लागतात.

पालवी नेहमीपेक्षा दोन-चार आठवडे उशिरा आली म्हणून झाड उपटू नका. खालचं खोड हिरवं असेल तर एक पूर्ण हंगाम द्या, आणि त्या हंगामात फळं धरू देऊ नका.

झाड खरंच गेलं असेल तर मुळं खणून बघा. पांढरी, ताठ असतील तर दोष वरचा होता. काळी, मऊ असतील, सालीचा पापुद्रा बोटात येऊन आत तारेसारखा गाभा राहत असेल आणि मातीला आंबूस वास येत असेल, तर कारण पाणी. त्या खड्ड्यात त्याच जातीचं झाड परत लावू नका. नवं झाड वीत-दीड वीत उंच मातीच्या ढिगाऱ्यावर लावा, आणि त्याआधी तो ३० सेंटिमीटरचा खड्डा भरून पाणी किती वेळात उतरतं ते पुन्हा मोजा.